बिबट्या जंगलातून आलाच नाही, तर परत पाठवणार कुठे?

आमच्या फॅमिली ग्रुपवर एरवी गुड मॉर्निंगची फुलं आणि कांद्याचे भाव याच्या पलीकडे काही नसतं. पण २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेडला वीस-बावीस दिवसांत बिबट्याने तीन माणसं मारली, त्यात दोन लेकरं आणि एक म्हातारी, लोकांनी पुणे-नाशिक हायवे अडवला, बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागल्या आणि इकडे ग्रुपवर युद्ध पेटलं. पुण्यातली भाचरं म्हणाली, आपणच त्यांच्या घरात घुसलो, त्यांनी जायचं कुठे? गावाकडचे म्हणाले, एवढा पुळका असेल तर न्या एकेक तुमच्या सोसायटीत, आम्हाला सगळे उचलून जंगलात सोडायला हवेत. मग आवाजी मेसेज, मग दोन जण लेफ्ट. मी दोन्ही बाजू वाचत होतो आणि मला गंमत ही वाटत होती (गंमत हा शब्द बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) की एकमेकांवर तुटून पडलेली ही दोन्ही माणसं खरं तर एकाच गोष्टीवर ठाम आहेत, की बिबट्याचं घर जंगल आहे. एक म्हणतो आपण ते हिसकावलं, दुसरा म्हणतो त्याला तिथे परत नेऊन सोडा. आणि माझं म्हणणं असं की चूक तिथेच आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर इथला बिबट्या जंगलातून वाट चुकून आलेला पाहुणा नाहीये. त्याची आई उसात व्यायली, तोही उसातच वाढला. तो तिथला रहिवासी आहे, आणि हे आधी कबूल केल्याशिवाय पुढचा एकही उपाय धड निघणार नाही, बिबट्याच्या बाजूचाही नाही आणि माणसाच्या बाजूचाही नाही.

प्राण्याचं घर म्हणजे काय हो? आपण शाळेत जोड्या लावा करून शिकलो, वाघ जंगलात, उंट वाळवंटात, मासा पाण्यात. पण प्राणी सातबारा बघून राहत नाही. त्याला तीन गोष्टी लागतात, दिवसा अंग चोरून बसायला आडोसा, प्यायला पाणी, आणि खायला काहीतरी जे फार धावपळ न करता मिळेल. आता आडसाली ऊस डोळ्यासमोर आणा. सोळा-अठरा महिने उभा, माणसाच्या दुप्पट उंच, आत पाचटाचा गालिचा, भर उन्हाळ्यात गारवा, कडेने चारी नाहीतर पाट, आणि बांधाला लागून वस्ती, वस्तीवर कुत्री, कोंबड्या, शेळ्या. आतमध्ये माणूस महिनोन्‌महिने शिरत नाही. पिल्लं घालणाऱ्या मादीला यापेक्षा चांगली जागा सह्याद्रीच्या कोणत्या रानात मिळेल, सांगा बरं? ऊसतोड सुरू झाली की टोळ्यांना फडात डोळे न उघडलेली पिल्लं सापडतात, मग वनखात्याची माणसं ती पिल्लं क्रेटमध्ये घालून रात्री त्याच जागी ठेवतात आणि मादी येऊन एकेक उचलून नेते. हे आता इतकं नेहमीचं झालंय की त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. ती मादी पिल्लं तोंडात धरून जाते कुठे? भीमाशंकरच्या जंगलात नाही, शेजारच्या न तुटलेल्या फडात.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका, मोजलेलं आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले भागात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली छापून आला. तिथे चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं राहतात, आणि हरीण-सांबर म्हणावं असं मोठं जंगली भक्ष्य जवळपास नाहीच. तरी शंभर चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास मोठे बिबटे निघाले, शिवाय जवळपास तितकीच तरसं. मग त्यांनी विष्ठा तपासून तो खातो काय ते पाहिलं, तर वजनाच्या हिशोबाने सत्त्याऐंशी टक्के खाणं पाळीव जनावरांचं, आणि त्यात पहिला नंबर कुत्र्याचा, एकोणचाळीस टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट, तरी खाण्यात शेळीचा वाटा अकरा टक्केच. का? तर शेळी रात्री गोठ्यात बंद असते आणि कुत्रं बाहेर मोकळं भुंकत असतं. बिबट्याला काही कुत्र्याच्या मटणाची खास आवड नाहीये, जे दार उघडं ते तो खातो. आणि कुत्री का एवढी? याचं उत्तर हायवेवरच्या ढाब्यामागे, मटणाच्या दुकानामागे आणि गावाबाहेरच्या उकिरड्यावर आहे.

आता कोणी म्हणेल, पण एकेकाळी तर तो जंगलातच होता ना? होता, आणि जंगलाबाहेरही होता. दुसरं म्हणजे सगळे प्राणी एका मापाने मोजायचे नसतात, इथेच आपल्या चर्चेचा घोळ होतो. इतिहासातलं एक उदाहरण बघा. इंग्रजांच्या काळात हिंस्र जनावरं मारायला सरकार बक्षीस द्यायचं. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत अंदाजे ऐंशी हजार वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले असा हिशोब इतिहासकार महेश रंगराजन यांनी मांडलाय. म्हणजे बिबट्याला वाघाच्या जवळपास दुप्पट मार बसला. आणि चित्ता? त्याला मारण्यापेक्षा पकडायचे जास्त, शिकारीला सोबत म्हणून राजेरजवाड्यांनी पाळायचे. मग संपला कोण? चित्ता. १९४७ला आजच्या छत्तीसगडमध्ये सरगुज्याकडे शेवटचे तीन मारल्याची नोंद आहे आणि १९५२ला सरकारने तो नामशेष जाहीर केला. दीड लाख मेलेला बिबट्या मात्र आज देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ आहे, ही २०२२ची मोजणी, आणि ती मुख्यत्वे जंगलांत कॅमेरे लावून केलेली. चित्त्याला मोकळं गवताळ माळरान लागतं, पळायला जागा लागते, पिंजऱ्यात तो सहज विणही देत नाही. बिबट्याला असलं काही लागत नाही. तो झाडावर झोपेल, पुलाच्या पाइपात झोपेल, साखर कारखान्याच्या बॉयलरमागे झोपेल. आपल्या सोलापूरच्या माळढोकाचंच बघा, १९७९ला नान्नजला अभयारण्य केलं, कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर, आणि तरी पक्षी हातातून गेल्यात जमा, कारण वर्षाला उघड्या जमिनीवर एक अंडं घालणाऱ्या पक्ष्याला माळ मोडला की दुसरी सोयच नाही. माळढोकासाठी ‘आपण त्याच्या घरात घुसलो’ हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. बिबट्यासाठी तेच वाक्य फॉरवर्ड करणं म्हणजे एकाच्या आजाराची गोळी दुसऱ्याला देणं.

उलट मी तर म्हणेन, जुन्नर भागात बिबट्याचं घर आपणच बांधलं. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, वडज, माणिकडोह, डिंभे, पिंपळगाव जोगे, कालवे फिरले, बाजरी-हुलग्याच्या जागी ऊस आला, कारखाने आले. मामाच्या ओतूरच्या घरामागे माझ्या लहानपणी पलीकडची टेकडी दिसायची, आता खिडकी उघडली की ऊसच. यात चूक काही नाही, पाणी आलं म्हणून तर मामाची पोरं शिकली. पण बाजरीच्या रानात चार महिने पीक आणि आठ महिने ढेकळं, तिथे बिबट्याने लपावं कुठे? तो उसासोबत आला आणि उसासोबत वाढला.

इथे समोरच्या बाजूचं सगळ्यात भारी म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, कारण ते खोडून काढता येत नाही. ते असं की, बाबा रे, तुझं सगळं खरं असेल, रहिवासी असेल, पण माझं पोर गेलं. सरकार पंचवीस लाख देतं, पोर देत नाही. कोथरूडच्या चौथ्या मजल्यावर बसून सहजीवन हा शब्द उच्चारायला जीभ जड होत नाही, संध्याकाळी सहाला पोरांना घरात कोंडून घेणाऱ्या आईसमोर तो उच्चारून दाखवा. आणि हेही खरं की एखादा बिबट्या माणसावर एकदा नाही तर परत परत येतो, तेव्हा त्याच्या अधिवासावर परिसंवाद भरवायचा नसतो. पिंपरखेडला शेवटी गोळी घालावी लागली, माझी त्याबद्दल तक्रार नाही. असा बिबट्या हटवायलाच हवा, लवकर हटवायला हवा, आणि तो नेमका तोच आहे का याची खात्री करून. माझा वाद आहे तो ‘सगळे उचला’ याच्याशी. कारण तो प्रयोग आपण करून बसलोय आणि त्याची किंमत आपल्याच जिल्ह्यातल्या माणसांनी रक्ताने मोजलीये.

२००१ ते २००३ या काळात जुन्नर विभागात हेच केलं होतं. दिसला बिबट्या की लाव पिंजरा, पकड, आणि लांब जंगलात नेऊन सोड. शंभराच्या आसपास बिबटे पकडले, त्यातले बरेच सरासरी चाळीसेक किलोमीटरवर नेऊन सोडले. ऐकायला किती रास्त वाटतं! आधी तिथे माणसांवर वर्षाला चारेक हल्ले व्हायचे. ही मोहीम सुरू झाल्यावर ते सतराच्या घरात गेले, आणि हल्ल्यात माणूस दगावण्याचं प्रमाण अठरा टक्क्यांवरून छत्तीसवर गेलं. हेही अभ्यासून छापलेलं आहे, २०११ साली. का झालं असेल असं? पिंजऱ्यात डोकं आपटून दात तुटलेला, माणसांच्या गर्दीने बिथरलेला प्राणी तुम्ही अनोळखी मुलखात सोडताय, जिथे त्याला पाणी कुठे, आडोसा कुठे, काही माहीत नाही आणि जिथे आधीच दुसरा नर बसलेला आहे. तो काय करणार? एक तर मारामारी, नाहीतर परतीची वाट, आणि परतीच्या वाटेवर गावं. त्या अभ्यासावर आक्षेप घेता येतो, की त्याच काळात ऊसही वाढत होता, बिबटेही वाढत असतील, सगळा दोष स्थलांतराचा कशावरून? मान्य, एकमेव कारण ते नसेल. पण हल्ले कमी व्हावेत म्हणून केलेला उपाय, आणि हल्ले चौपट, तर निदान तोच उपाय परत मागताना दोन मिनिटं थांबायला नको?

परतीच्या वाटेचं म्हणाल तर आजोबा नावाच्या बिबट्याची गोष्ट आहेच. २००९ला नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्कर नर बाहेर काढला, गळ्यात कॉलर बांधून माळशेज घाटात सोडला. गडी निघाला तो मुंबई-आग्रा हायवे ओलांडून, कसाऱ्याची रेल्वे लाइन ओलांडून, वसईची खाडी पोहून थेट संजय गांधी उद्यानाच्या परिसरात, सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. वाटेत त्याने एकाही माणसाला हात लावला नाही. दोन वर्षांनी मेला तो गाडीखाली. तेव्हा ‘लांब सोडा’ म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे, लांब म्हणजे किती लांब? ज्या गावाच्या शेजारी सोडाल तिथल्या पोरांना आई-बाप नाहीत का?

बरं, सोडू नका, कायमचे कोंडा, असं आता लोक म्हणतात. माणिकडोहला निवारा केंद्र आहे, पण पिंजरे म्हणजे काही रबर नाही ताणायला. गुजरातच्या वनतारा प्राणिकेंद्रात पाठवा म्हणतात, पाठवा, पण त्याने प्रश्न तसाच राहतो, कारण जागा रिकामी झाली की भरते. सदाशिव पेठेत खोली रिकामी झाली तर किती दिवस राहते? जुना नर गेला की त्याच्या हद्दीत आजूबाजूचे दोन-तीन तरणे घुसतात, त्यांना ना वस्तीची सवय ना वाटा माहीत, आणि आईपासून नुकतंच सुटलेलं दीड-दोन वर्षांचं बिबट्याचं पोर हे आपल्या दहावीतल्या पोरासारखंच, अंगात रग आणि अक्कल यायची असते. गोठ्याचं पत्र्याचं दार उचकटणारा बहुतेक हाच. तुम्ही म्हातारा, शहाणा, तुमच्या घरामागून वर्षानुवर्षं गुपचूप जाणारा बिबट्या उचलला आणि त्याच्या जागी हे तीन आणून बसवले.

नसबंदीचं मात्र मी थट्टेवारी नेणार नाही. केंद्राने प्रयोग म्हणून थोड्या बिबट्यांसाठी परवानगी दिल्याच्या बातम्या आल्या. नसबंदी केलेली मादी आपली हद्द धरून बसते, म्हणजे जागा रिकामी होत नाही, हा त्यातला चांगला मुद्दा. पण ती आज भुकेली आहे, उद्याही भुकेली असणार, नसबंदीने पोट भरत नाही. फरक पडला तर पाच-सात वर्षांनी, तोही बऱ्याच माद्यांवर केली तर. करा जरूर, पण या हंगामातल्या ऊसतोडीसाठी तो उपाय नाही हे गावाला सांगून करा. २०२५च्या नागपूर अधिवेशनात वनमंत्र्यांनी मांडलेली, बिबट्याने वस्तीत येऊ नये म्हणून जंगलात शेळ्या सोडायची कल्पना तर ऐकून मला कळेना हसावं की काय. म्हणजे उसातला बिबट्या शेळीचा वास घेत चाळीस किलोमीटर चालत जंगलात जाणार, रस्त्यातली सगळी कुत्री सोडून? तीही परत त्याच ‘घर जंगल’ या चुकीतून निघालेली. त्या अधिवेशनात जुन्नरचे आमदार बिबट्याचा पोशाख घालून आले होते, सगळे हसले, पण खरं सांगू, त्या आठवड्यात तो पोशाखच जास्त मुद्द्याला धरून होता. विधानभवनात बिबट्या येऊन बसल्याशिवाय कोणी बघत नाही, एवढं तरी त्यातून कळत होतं.

मग मुंबईचं उदाहरण देतात. १०४ चौरस किलोमीटरचं उद्यान, भोवती दोन कोटींचं शहर, २००२ ते २००४मध्ये हल्ल्यांचा कहर, आणि त्यातले काही बिबटे बाहेरून आणून सोडलेले असावेत असा तेव्हापासूनचा संशय. नंतर सोडणं थांबलं, २०११पासून वनखातं, अभ्यासक, पोलिस, पत्रकार एकत्र बसले, पाड्यांमध्ये जाऊन लोकांशी बोलले, कचऱ्याकडे लक्ष गेलं, आणि हल्ले खूप खाली आले. तिथले बिबटे वर्षाला दीड हजार कुत्री खातात आणि त्यामुळे हजारभर कुत्रे चावण्याच्या घटना टळतात असा अंदाजही २०१८ला मांडला गेला. हे सगळं छान आहे, पण मी हे उदाहरण जुन्नरच्या माणसाच्या तोंडावर फेकणार नाही. एक तर आरेमध्ये २०२१-२२ला पुन्हा हल्ले झालेच, २०२२च्या दिवाळीत तर दीड वर्षाची पोर गेली. दुसरं, मुंबईच्या बिबट्याला दिवसा परत जायला जंगल आहे, माणसं एका बाजूला आणि तो एका बाजूला. पिंपरखेडला ती रेषाच नाही, माणूस आणि बिबट्या एकाच फडात, फक्त पाळ्या वेगळ्या. दिवसपाळी माणसाची, रात्रपाळी त्याची.

आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथे. कॉलर लावलेल्या बिबट्यांनी दाखवून दिलंय की ते दिवसा वस्तीपासून लांब राहतात आणि रात्री घरांच्या जवळून फिरतात, म्हणजे त्याने बिचाऱ्याने आपली वेळ आपल्याला टाळून ठरवलीये. ती पाळी मोडतो कोण? शेतीपंपाला थ्री फेज लाइट आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. मग मामा रात्री दोनला बॅटरी घेऊन उसात पाण्याची दारं धरायला जातो, वाकून, एकटा, पाण्याच्या आवाजात. बिबट्याच्या नजरेला उभा माणूस आणि वाकलेला माणूस सारखे दिसत नाहीत, वाकलेला किंवा बसलेला माणूस हा भक्ष्याच्या उंचीचा होतो, लहान मूल तर असतंच त्या उंचीचं. म्हणून संडासला बाहेर बसणारी बाई, अंगणात खेळणारं पोर, उसाच्या कडेला गवत कापणारी म्हातारी. हे नशीब नव्हे. दिवसा लाइट द्या, ही मागणी गावं कधीची करतायत आणि ती वीज खात्याकडे जाते, बिबट्या वनखात्याकडे, कुत्री पंचायतीकडे, ढाब्याचा कचरा कोणाकडेच नाही. पिंपरखेडला चिडलेल्या लोकांनी जाळली तशी एकट्या वनखात्याची गाडी जाळून यातलं काय हलणार?

घराच्या भिंतीला ऊस नको, निदान काही हात जागा मोकळी ठेवा, हे सांगितलं की शेतकरी म्हणतो ती जागा तू विकत घे. बरोबर बोलतो तो. एक एकराच्या मालकाने चारी बाजूंनी पट्टा सोडला तर त्याचं वर्षाचं गणित कोसळतं, आणि म्हणूनच त्या पट्ट्याचे पैसे द्यायला हवेत, माणूस मेल्यावर पंचवीस लाख देण्यापेक्षा ते स्वस्तच पडेल. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांचं तर कोणी बोलतही नाही. फडाच्या कडेला पाचटाची खोपटी, दार नाही, लाइट नाही, पहाटे चारला आई-बाप कोयता घेऊन निघाले की पोरं तिथेच झोपलेली. बंद दाराची निवाऱ्याची खोली आणि एक दिवा हा कारखान्याच्या गाळप परवान्याशी का जोडू नये? धनगर बघा, उघड्या रानात मेंढरं बसवतो पण भोवती वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावल्याशिवाय झोपत नाही, त्याला कोणी वनखात्याचं शिबिर घेऊन शिकवलं नव्हतं. अकोले-जुन्नरच्या महादेव कोळ्यांत वसुबारसेच्या दिवशी वाघबारस असते, वाघोबाला नैवेद्य. ते भाबडेपणाने देतात असं मला वाटत नाही. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो हे त्यांनाच आधी माहीत होतं, म्हण त्यांच्याच बाजूची आहे. पण तो इथेच राहतो आणि इथेच राहणार, हेही त्यांना माहीत होतं, म्हणून गुरं दिवेलागणीला आत यायची.

परवा मामाला फोन केला, हे सगळं त्याच्या कानावर घातलं, अभ्यास, टक्के, आजोबा, सगळं. त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, भाच्या, तो आपल्या उसातच राहतो हे मला तू सांगायला नको, मी त्याला पोळ्यापासून बघतोय, मागचा पाय जरा ओढतो तो. मग म्हणाला, ठेवतो आता, या आठवड्यात लाइट रात्री बाराला येणारे, थोडं झोपून घेतो.